टीव्हीवर वाजलं आणि पुसलं गेलं: हरवलेल्या पॉप परफॉर्मन्सचा माग

रीळवाला

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. विषय जरा लांबचा आहे, इंग्लंडचा आणि साठ-सत्तरच्या दशकातला, पण इथे जुन्या गाण्यांचे दर्दी खूप आहेत म्हणून इथेच टाकतो.

१६ जून १९६६, गुरुवार. बीटल्स बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या दर आठवड्याच्या पॉप गाण्यांच्या कार्यक्रमाच्या स्टुडिओत आले आणि थेट प्रक्षेपणात दोन गाणी केली. या कार्यक्रमात ते स्वतः असे थेट आले ते तेवढं एकदाच, एरवी आधी चित्रित केलेले तुकडेच दाखवायचे. आणि एवढ्या मोठ्या लोकांची ती टेप बीबीसीने पुसून टाकली. पन्नासहून जास्त वर्षं सगळे धरून चालले होते की गेलं ते गेलं. मग २०१९ मध्ये त्यातले ११ सेकंद सापडले! लिव्हरपूलच्या एका कुटुंबाने त्या दिवशी घरातल्या टीव्हीसमोर ८ मिमीचा कॅमेरा धरून ते टिपलेले, आवाज नाही, चित्र थरथरतंय, आणि ती फिल्म फिरत फिरत पोचली होती मेक्सिकोतल्या एका संग्राहकाकडे. मी ते ११ सेकंद किती वेळा बघितलेत ते विचारू नका.

पुसलं का, तर टेप महाग होती म्हणून. दोन इंच रुंदीची ती क्वाड्रुप्लेक्स टेप, पुसून परत परत वापरता यायची. त्यात कलाकार आणि वादकांच्या संघटनांशी केलेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती, घरी विकत घेऊन बघायची सोय कुणाच्या डोक्यातही नव्हती, आणि पॉप म्हणजे या आठवड्याची भाजी, पुढच्या आठवड्यात कोण खाणार असाच विचार होता. जपून ठेवायचं रीतसर धोरण बीबीसीने आणलं १९७८ च्या सुमाराला. तोवर १९६४ ते ७३ मधल्या पहिल्या पाचशेक भागांपैकी पूर्ण असे जेमतेम वीस उरले होते, आणि त्यातलेही बहुतेक १९६९ नंतरचे.

माझं म्हणणं एवढंच आहे की संस्थेने पुसलं म्हणजे जगातून पुसलं गेलं असं नाही. जे परत मिळालंय ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातून, कपाटातून, माळ्यावरून मिळालंय. म्हणून हा धागा. तुम्हाला माहीत असलेलं लिहा आणि घरात तशा काळातलं काही असेल तर कृपा करून फेकू नका.

गिटारवेल्हाळ

दादा मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं, पूर्ण भागाऐवजी तुकडा भलत्याच ठिकाणी शिल्लक राहिलाय असं कधी झालंय का?

रीळवाला

झालंय ना. १९६५ च्या एप्रिलमध्ये बीटल्सनी रिव्हरसाइड स्टुडिओत 'टॉप ऑफ द पॉप्स'साठी 'तिकीट टू राइड' चित्रित केलं. ती टेप गेली. पण त्याच वर्षी मे महिन्यात 'डॉक्टर हू' या विज्ञान मालिकेत एक प्रसंग होता, पात्रं भूतकाळातलं काहीही बघता येणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर बीटल्सना बघतात, आणि त्यासाठी त्यांनी हाच तुकडा वापरला, साधारण पंचवीस सेकंद. मालिकेचा तो भाग परदेशात विकायला फिल्मवर उतरवलेला होता म्हणून वाचला आणि त्याच्या पोटात हे गाणंही वाचलं. त्यामुळे शोधताना नुसता मूळ कार्यक्रम शोधायचा नाही, त्यातला तुकडा कुणी कुणी उसना घेतला असेल तेही बघायचं: वर्षअखेरीचे कार्यक्रम, बातम्या, माहितीपट, मुलांचे कार्यक्रम.

निवृत्त_तंत्रज्ञ

नमस्कार. मी देशातच एका टीव्ही स्टुडिओत टेप विभागात पंचवीस वर्षं काढली. स्टुडिओचं नाव घेत नाही. आमच्याकडे यू-मॅटिकच्या कॅसेट जास्त, पण सुरुवातीला दोन इंचीवरही हात बसवला. ती रीळ एका हाताने उचलायची सोयच नव्हती, पोटाशी धरून न्यावी लागायची. टेप पुसायचं यंत्र म्हणजे एक मोठा विद्युतचुंबक, त्यावर रीळ ठेवायची, बटण दाबलं की घूंऽऽ असा आवाज, हळूहळू फिरवायची आणि उचलून बाजूला. अर्ध्या मिनिटात तासाभराचा कार्यक्रम गेलेला असायचा. मनगटातलं घड्याळ आधी काढून ठेवायला लागायचं.

आम्हाला यादी यायची वरून, नंबरांची. कार्यक्रमाचं नाव त्यात नसायचं बरेचदा. त्या नंबरांमध्ये काय काय गेलं असेल हे मला आता रात्री आठवतं. दोनदा मी साहेबांना विचारायला गेलो होतो की ही ठेवूया का, एकदा हो म्हणाले, एकदा नाही. तुम्ही ज्या लोकांबद्दल लिहिताय त्यांनाही असंच नंबर बघून काम करावं लागलं असणार. त्यांना फार बोल लावू नका एवढी विनंती.

रीळवाला

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आणि बोल कसला लावणार, उलट काही गोष्टी तंत्रज्ञांमुळेच वाचल्यात. डेव्हिड बोवीचं 'द जीन जीनी' घ्या. ३ जानेवारी १९७३ ला चित्रित, दुसऱ्या दिवशी प्रसारित, नंतर पुसलं. पण त्या दिवशी कॅमेऱ्यावर असलेल्या जॉन हेन्शॉल यांनी स्वतः बनवलेली फिशआय पद्धतीची खास लेन्स वापरली होती, तिचं काम दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोन इंची टेपवर प्रत काढून घेतली. ती ३८ वर्षं त्यांच्याकडेच होती! इतरांकडे ते नाहीये हे त्यांना माहीतच नव्हतं. २०११ च्या डिसेंबरात लोकांसमोर आली. आणि त्यात बोवी खरंच गातोय, ओठ हलवत नाहीये, गिटारवर मिक रॉन्सन सुटलाय नुसता. कॅमेरामनला लेन्सचं कौतुक नसतं तर आपल्याला हे दिसलंच नसतं.

पाचगणीकर

आमच्या गावाचा थेट संबंध आहे म्हणून लिहितो. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्सचा विद्यार्थी. शाळेत असताना मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, हा पियानोवर. फोटो आहेत त्याचे, पण हलतं चित्र माझ्या तरी पाहण्यात कधी आलं नाही. त्या काळी शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या एखाद्या पारशी पालकाकडे कॅमेरा असेलच की, मुंबईत कुणाच्या तरी घरी डबा पडला असेल अशी आशा मला अजून आहे.

आणि धाग्याच्या विषयात बसणारं म्हणजे, क्वीनचा 'टॉप ऑफ द पॉप्स'वरचा पहिला परफॉर्मन्स. २१ फेब्रुवारी १९७४. बोवीची 'रेबेल रेबेल'ची फिल्म वेळेवर मिळाली नाही म्हणून जागा रिकामी झाली आणि या नवख्या पोरांना ऐनवेळी बोलावलं. 'सेव्हन सीज ऑफ राय' गाजलं ते इथून. आणि नेमका तोच भाग बीबीसीकडे राहिला नाही. एका माणसाची फिल्म आली नाही म्हणून दुसऱ्याचं नशीब उघडलं, आणि उघडलेलं दार मात्र पुसलं गेलं. मला फार लागतं हे.

गिटारवेल्हाळ

पाचगणीकर भारी माहिती! पण मग गाण्याच्या प्रसिद्धीसाठी केलेल्या प्रोमो फिल्मांचं काय, त्या तर रेकॉर्ड कंपन्यांच्या असायच्या ना, त्या तरी सुरक्षित असतील? की त्याही गेल्या?

रीळवाला

बऱ्याच वाचल्या, कारण त्यांच्या प्रती देशोदेशी पाठवायच्याच होत्या. प्रत जितकी फिरली तितकं वाचायची शक्यता जास्त. बीटल्सना प्रत्येक टीव्ही स्टेशनात जाऊन जाऊन वीट आला तेव्हा २३ नोव्हेंबर १९६५ ला त्यांनी ट्विकनहॅम स्टुडिओत एकाच दिवसात पाच गाण्यांच्या दहा फिल्म करून टाकल्या, दिग्दर्शक जो मॅकग्राथ. फिल्म म्हणतो आपण, पण चित्रण झालं होतं व्हिडिओटेपवर आणि कृष्णधवल. पुढच्या मे महिन्यात मायकेल लिंडसे-हॉगने चिझिक हाउसच्या बागेत 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' केलं, ते खरोखर फिल्मवर आणि रंगीत. २०१५ मध्ये यातलं बरंचसं स्वच्छ करून परत काढलं. त्यातली पानांवरची उन्हं बघा कधी, कालच शूट केल्यासारखी वाटतात.

त्याआधीची पिढी म्हणजे चाळीसच्या दशकातल्या अमेरिकेतल्या 'साउंडी'. हॉटेलात, बारमध्ये पॅनोरॅम नावाचं कपाटाएवढं यंत्र असायचं, नाणं टाकलं की तीनेक मिनिटांची गाण्याची फिल्म. आत आरशांवरून चित्र पडद्यावर पडायचं म्हणून प्रती मुद्दाम डावी-उजवी उलट छापलेल्या असायच्या. त्यामुळे कुठे डाव्या हाताचे झालेले वादक आणि पाटीवरची उलटी अक्षरं दिसली तर समजायचं, ही पॅनोरॅमची मूळ प्रत असू शकते. साठच्या दशकात फ्रान्समधून 'स्कोपिटोन' आलं, तीच कल्पना, पण रंगीत १६ मिमी आणि आवाज चुंबकीय पट्टीवर. दुकानं बंद पडली की फिल्मांचे डबे गोदामात.

आणि पाचगणीकर, तुमच्या क्वीनचंच पुढचं: १० नोव्हेंबर १९७५, एल्स्ट्री स्टुडिओ, ब्रूस गॉवर्स दिग्दर्शक, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. दहा दिवसांनी 'टॉप ऑफ द पॉप्स'वर लागली. स्टुडिओत जायलाच नको आणि पुसलं जायची भीतीही नको, ती टेप बँडच्याच ताब्यात. पावणेदोन वर्षांत केवढा फरक पडला बघा.

मृण्मयी_लेस्टर

नमस्कार, मी इथे फक्त वाचनमात्र असते, पण आज लिहायलाच हवं. मी इंग्लंडात लेस्टरला राहते. माझे सख्खे काका १९६५ मध्ये डॉक्टर म्हणून इकडे आले, दोन वर्षांपूर्वी गेले. काकू आता लहान घरात जाणार आहे म्हणून मागच्या महिन्यात माळा आवरायला घेतला तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ८ मिमीच्या एकोणीस रिळी निघाल्या. काकांना कॅमेऱ्याचा फार नाद होता. एक रीळ मी खिडकीपाशी उजेडात धरून भिंगाने बघितली, त्यात आधी बागेतला बर्फ आहे, मग काळ्या चौकटीत टीव्हीचा पडदा दिसतोय आणि त्यात माणसं उभी, एकाच्या गळ्यात गिटार आहे हे नक्की. साधारण हातभर लांबीचा तुकडा असेल. मग वाढदिवसाचा केक. रीळवाला दादा, हे काही असू शकतं का? आणि मी आता काय करू? प्रोजेक्टर पण आहे डब्याशेजारी, लावून बघू का?

रीळवाला

ताई!! आधी एक, प्रोजेक्टरला हात लावू नका. साठ वर्षांची फिल्म आकसलेली असते, कडेची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि टराटरा फाटते. मी स्वतः आमच्या आजोबांच्या मुंजीची रीळ अशी फाडलीये.

डब्याचं झाकण उघडल्यावर वास कसा येतो ते सांगा. आंबट, लोणच्यातल्या व्हिनेगरसारखा आला तर फिल्मचं ॲसिटेट सडायला लागलंय, ती रीळ बाकीच्यांपासून वेगळी, थंड कोरड्या जागी ठेवा आणि स्कॅन करायची घाई करा. वास नसेल तर वेळ आहे.

हातभर म्हणालात, म्हणजे धरू दीड फूट. जुन्या ८ मिमीला एका फुटात ८० चौकटी, सेकंदाला १६ धरल्या तर सात-आठ सेकंद. थोडं वाटतं, पण बीटल्सचे तरी आधी किती सापडले होते, अकराच. आणि पडद्यावर आडवी काळी पट्टी दिसते का बघा, कॅमेरा सेकंदाला १६ चौकटी घेणार आणि टीव्ही २५ दाखवणार, दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून पट्टी सरकत राहते. ती असली तर खरंच चालू टीव्हीवरून घेतलंय.

निवृत्त_तंत्रज्ञ

मृण्मयी, रीळ पांढऱ्या सुती हातमोज्यांनीच धर, फक्त कडेला. आणि रिळीबरोबर पिवळा कागदी डबा असेल तर तो मुळीच टाकू नकोस. त्या काळी कोडॅकच्या फिल्मच्या किमतीतच धुलाईचे पैसे असायचे, लोक पोस्टाने पाठवायचे आणि धुऊन परत यायची, त्यावर पोस्टाचा शिक्का तारखेसकट असतो. फिल्मच्या अगदी कडेलाही बारीक खुणा असतात, चौकोन, त्रिकोण, गोल अशा. त्यावरून फिल्म कुठल्या साली बनली ते कळतं, फक्त खुणा वीस वर्षांनी परत येतात म्हणून दुसरा पुरावा लागतो.

मृण्मयी_लेस्टर

वास नाही येत! फक्त जुन्या कपाटाचा येतो तसा. आणि हो, पट्टी आहे, दर चौकटीला थोडी खाली सरकलेली. मला रडूच आलं बघून. पिवळे डबे सात मिळाले, पण कुठली रीळ कुठल्या डब्यात ते काकूने एकदा साफसफाईत मिसळून टाकलंय.

रीळवाला

हरकत नाही. मग रिळीच्या आतल्या क्रमावरून जाऊ. जुनी ८ मिमी फिल्म २५ फुटांची यायची, दुप्पट रुंद, एक बाजू भरली की रीळ उलटवून दुसरी बाजू, मग प्रयोगशाळेत उभी चिरून दोन्ही जोडायचे. म्हणजे मधोमध एक जोड असणार आणि त्याच्या आजूबाजूला प्रकाश शिरून पांढरट-केशरी झालेलं असणार. तुमचा तुकडा जोडाच्या अलीकडे की पलीकडे, ते बघा. बर्फ, टीव्ही, केक हे तिन्ही एकाच बाजूला असतील तर तो क्रम पक्का. केकवर मेणबत्त्या किती आहेत?

मृण्मयी_लेस्टर

दोन! तिन्ही एकाच बाजूला, जोडाच्या पलीकडे. केक माझ्या चुलतभावाचा, तो मार्च १९६५ चा. म्हणजे १९६७ चा मार्च, आणि टीव्ही त्याच्या आधी, बर्फानंतर. काकूला फोन केला, ती म्हणाली "अगं गुरुवारी त्यांची सुट्टी असायची हॉस्पिटलला, संध्याकाळी टीव्ही लावून बसायचे आणि मला म्हणायचे चहा नंतर, आधी हे बघ."

पाचगणीकर

गुरुवार!!! 'टॉप ऑफ द पॉप्स' गुरुवारीच असायचं ना? १९६७ ची सुरुवात म्हणजे गिटारवाला जिमी हेंड्रिक्स पण आला ताई. अंगावर काटा आला.

रीळवाला

गुरुवारीच. पण पाचगणीकर, ताई, एक कळकळीने सांगतो, आत्ताच नाव ठरवू नका. सात सेकंद धूसर चित्रात मनात असेल तो माणूस दिसतो. मी एकदा तीन महिने एका फोटोतल्या ड्रमरला ओळखलं म्हणून हिंडत होतो आणि तो निघाला भलत्याच बँडचा, भलत्याच देशातला. आयटीव्ही या खासगी वाहिनीवरही पॉपचे कार्यक्रम होते, दुसऱ्या कार्यक्रमात मध्येच एखादं गाणंही असायचं.

आधी चौकट-चौकट स्कॅन, मोठ्या रिझोल्यूशनला, चांगल्या प्रयोगशाळेत. मग चित्रातला मंच बघायचा, मागची सजावट, ड्रमची उंची, माइकचे स्टँड, किती माणसं, कोण डावखुरा. मग बीबीसीच्या कॅव्हरशॅमच्या कागदपत्रांच्या अर्काइव्हमध्ये त्या त्या दिवशी प्रत्यक्षात काय प्रसारित झालं याची नोंद मिळते, त्याच्याशी जुळवायचं. फेब्रुवारी-मार्च १९६७ मधले गुरुवार मोजून आठ-नऊ. आणि लंडनला बीएफआय या ब्रिटिश चित्रपट संस्थेचा 'मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड' म्हणून उपक्रम आहे, कॅलिडोस्कोप नावाची हरवलेले कार्यक्रम शोधणारी मंडळी आहेत, त्यांना लिहा. मूळ रीळ मात्र कुणालाही देऊन टाकू नका, स्कॅन द्या, रीळ काकूंची.

गिटारवेल्हाळ

पण आवाज नाही ना त्यात. आवाज कुठून आणणार?

रीळवाला

चित्र आणि आवाज एकाच घरातून यावेत असं काही नसतं. बॉब डिलन १९६३ मध्ये बीबीसीच्या एका नाटकात होता, 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट', त्यात त्याने गाणी म्हटली. १९६८ मध्ये ते पुसलं. चित्र आजवर नाही, पण गाण्यांचा आवाज मिळाला, हौशी लोकांनी घरी टेप रेकॉर्डरवर घेतलेला. त्या काळात टीव्हीच्या स्पीकरसमोर माइक ठेवून 'कुणी बोलू नका' म्हणत बसणारी माणसं घरोघर होती. पिंक फ्लॉइडचं १९६७ चं 'सी एमिली प्ले'ही असंच एका खराब झालेल्या खासगी टेपमधून अर्धवट का होईना परत आलं, २०१० मध्ये बीएफआयने दाखवलं.

मृण्मयी_लेस्टर

दादा, तुमचं वाचून मी परत काकूला फोन केला. काकांकडे स्पूलचा रेकॉर्डर होता, ग्रुंडिगचा, भारतातून आलेल्या पाहुण्यांचे आवाज त्यावर घ्यायचे हे मला माहीत होतं. मी विचारलं, टीव्हीचं कधी घेतलंय का. ती जरा थांबली आणि म्हणाली, "घेतलंय की, मीच तर माइक धरायचे, हात दुखायचा माझा." स्पूल गाद्यांच्या पेटीत खाली आहेत म्हणे, जुन्या नऊवारीत गुंडाळून, म्हणजे आपटू नयेत. किती आहेत ते तिला आठवत नाही. एकावर काकांनी शाईने 'टीव्ही, हिवाळा' असं लिहिलंय एवढं तिला आठवतं, साल नाही.

मी शनिवारी जातेय.

निवृत्त_तंत्रज्ञ

मृण्मयी, रेकॉर्डर लावायची घाई नको, रबरी पट्टे वितळलेले असतील. आधी टेपचं टोक बोटाने हलकेच उलगडून बघ, थर एकमेकांना चिकटतायत का, तपकिरी भुकटी बोटाला लागते का. चिकटत असेल तर तिथेच थांब आणि इथे लिही, मी रात्री जागाच असतो. आणि काकूंना सांग, पेटी त्यांनी एकटीने ओढू नये.